कारवानी पिल्लू वस्तीवर आणत आहोत: ‘काटक जात’ म्हणजे नेमके काय समजावे?

बांधावरचा

नमस्कार. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे आणि गेल्या वर्षापासून आम्ही वडिलांसह तेथील वस्तीवर कायमचे राहायला आलो आहोत. शेजारच्या वस्तीवरील कारवानी कुत्रीला सहा पिल्ले झाली असून त्यांतला एक नर आम्हाला देऊ केला आहे. पिल्लू सध्या सहा आठवड्यांचे आहे आणि शेजारी म्हणतात की या आठवड्यातच घेऊन जा, कारण कुत्री आता त्यांना अंगाला लागू देत नाही.

मी यापूर्वी गावठी कुत्री सांभाळली आहेत, शिकारी जातीचे कुत्रे मात्र कधी पाळलेले नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की ही काटक जात आहे, हिला भाकरी टाकली की झाले, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. वडिलांची इच्छा अशी की दिवसा त्याला साखळीने बांधून ठेवावे आणि रात्री राखणीसाठी मोकळे सोडावे. आमच्याकडे पंधरा गावरान कोंबड्या आणि चार शेळ्या आहेत. त्यातच पुतण्या आतापासून त्याला सशाच्या मागे सोडण्याच्या गोष्टी करू लागला आहे. या सगळ्यांपैकी काय धरावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. हेच का ते मुधोळचे कुत्रे, हाही एक प्रश्न आहेच.

माळकरी

लातूर भागात आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कारवानी आहेत, त्या अनुभवावर लिहितो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कॅरव्हान हाउंड अशी करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड अशी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली जोडी इंग्लंडचे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ होता. आपल्याकडे आखूड केसांच्या कुत्र्याला कारवानी आणि कान व शेपटीवर रेशमी झालर असलेल्याला पश्मी म्हणतात. नावांच्या वादात पडण्यापेक्षा पिल्लाचे आईबाप दोन्ही डोळ्यांनी पाहावेत, कारण अलीकडे ग्रेहाउंड या विलायती शिकारी जातीशी संकर केलेली पिल्लेही कारवानी म्हणून दिली जातात.

आता काटकपणाविषयी. हे कुत्रे वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारे आहे आणि त्याचे सगळे शरीर त्या एकाच कामासाठी घडलेले आहे: लांब निमुळते डोके, मोठे टपोरे डोळे, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, लांब पाय आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. खांद्यापाशी साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर उंचीच्या नराचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास भरते, आणि पाहुणे हमखास विचारतात की याला खायला घालत नाही का. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हेच त्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे. त्या झाकून टाकण्याच्या नादात त्याला लठ्ठ करू नये. हे शरीर माळावरचे ऊन, लांबची चाल आणि एखाद्या वेळचा उपास सहज सोसते. ज्या पातळ कातडीमुळे आणि आखूड केसांमुळे ते ऊन सोसते, त्यांच्यामुळेच मात्र पौष महिन्यातली पहाट त्याला सोसत नाही आणि बाभळीचा काटा किंवा काटेरी तार लागली की कातडी कागदासारखी फाटते. आमच्या एका कुत्र्याने मुंगसाच्या मागे धावताना कुंपणाच्या तारेवर कुशी वीतभर फाडून घेतली होती. रक्त फारसे नव्हते, पण टाके घालावेच लागले. आपल्या बांधावर तार असेल तर तिच्यावर जुन्या साडीच्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे धावत्या कुत्र्याला ती दुरून दिसते.

साखळीविषयी वडिलांची समजूत काढावी, असे मी आग्रहाने सांगेन. गावठी कुत्रे साखळीला ताण देत हळूहळू ओढते. कारवानी तसे करत नाही. समोरून मांजर गेले की ते बसल्या जागेवरून दोन-तीन उड्यांत पूर्ण वेग घेते आणि साखळी संपते त्या ठिकाणी सगळा झटका मानेला बसतो. शिवाय दिवसभर बांधलेले हे कुत्रे राखणीला चांगले होत नाही, केवळ भित्रे किंवा चावरे होते. मुळात ते दार धरून बसणारे राखणदार नव्हेच. परका माणूस आला की ते दूर उभे राहून पाहते, अनोळखी हात अंगाला लागलेला त्याला आवडत नाही, भुंकणेही बेताचेच असते. शेताच्या पलीकडच्या टोकाला काही हलले तर मात्र ते सर्वांच्या आधी टिपते. घराच्या दोन्ही अंगांना जागा घेऊन सहा फुटी जाळीचे आवार केले, सकाळ-संध्याकाळ त्याला बरोबर घेऊन शिवारात फेरी मारली आणि बाकीचा दिवस सावलीत झोपू दिले, तर ते समाधानी राहते. या जातीचे कुत्रे दिवसातून किती तास झोपते, हे पाहून नवख्या माणसाला नवल वाटते.

कोंबड्यांचे उत्तर वयात आहे. आपल्याकडे पिल्लू लहानपणीच येत आहे, हे चांगले. रोज थोडा वेळ दोरीवर धरून त्याला कोंबड्यांत आणि शेळ्यांत बसवावे, दुर्लक्ष केले की खाऊ द्यावा आणि टक लावून अंग ताठ केले की शांतपणे तेथून न्यावे. ओरडू नये, हात तर मुळीच उगारू नये. हे कुत्रे आवाजाने इतके बुजते की महिनाभर तुमच्याजवळ येणार नाही. एवढे करूनही, फडफडत धावणाऱ्या कोंबडीपुढे त्याच्यावर पूर्ण भरवसा मी आजही ठेवत नाही. खुराड्याला आडोसा हवाच.

पशुवैद्य

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. माळकरी यांच्याशी सहमत आहे, फक्त ‘दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही’ या वाक्याचा समाचार घेतो.

पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लाची जात विचारून येत नाहीत. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, त्यानंतर दर तीन ते चार आठवड्यांनी पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, हा क्रम चुकवू नये. जंताचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचे असते. शेजाऱ्यांनी ते दिले आहे का, हे आधी विचारून घ्यावे. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर आकडेकृमींनी रक्त शोषले असण्याची शक्यता असते आणि अशा पिल्लाला आधी तपासून घेणे श्रेयस्कर.

शेळ्या आणि गोठा जवळ असल्याने गोचिडांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागेल. गोचिडांमधून एर्लिचिया आणि बबेसिया या दोन रोगजंतूंचा संसर्ग होतो. दोन्हींमध्ये ताप, खाणे सोडणे, हिरड्या फिकट पडणे ही लक्षणे दिसतात आणि उशीर झाल्यास कुत्रे दगावते. आज कुत्र्यांसाठी चावून खाण्याच्या गोळ्या मिळतात. काहींचा परिणाम महिनाभर टिकतो, तर काहींचा तीन महिने. जनावरांच्या अंगावर मारायचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला लावण्याची पद्धत मी वारंवार पाहतो आणि त्यातून झालेल्या विषबाधेवर उपचारही करतो. कृपया तसे करू नये.

येथे या प्रकारच्या कुत्र्यांची एक खास अडचण सांगायला हवी. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतात. इतर कुत्र्यांत ३७ ते ५५ टक्के पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) सामान्य धरतात, तर निरोगी ग्रेहाउंडमध्ये तो ५० ते ६५ असू शकतो. त्याच शरीररचनेच्या आपल्या कुत्र्याचा अहवाल ४० दाखवत असेल, तर कागदावर तो सामान्य दिसेल, पण कदाचित त्याने बरेच रक्त गमावलेले असेल. म्हणून कुत्रे वर्षाचे झाले की, ते ठणठणीत असतानाच, एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा. आजारपणात डॉक्टरांना तुलना करायला तोच उपयोगी पडतो. भूल देण्याची वेळ आली तर हे नजरेवर शिकार करणाऱ्या जातीचे, कमी चरबीचे कुत्रे आहे असे आवर्जून सांगावे आणि वजन काट्यावर करून घ्यावे, कारण थायोपेंटोनसारखी भुलीची काही औषधे ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात आणि शुद्धीवर यायला बराच काळ लागतो.

आणखी एक गोष्ट खोल छातीच्या कुत्र्यांची. भरपेट खाऊन लगेच धावल्यास जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो. पोट टणक होणे, उलटीचे उमाळे येऊनही काहीच न पडणे आणि अस्वस्थपणे येरझारा घालणे अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये; तेथे हिशेब तासांचा असतो. म्हणून दिवसाचे खाणे दोन वेळा विभागून द्यावे आणि खाणे आणि पळवणे यांत तासभर तरी जाऊ द्यावा. उन्हाबाबतही एवढेच सांगेन की ऊन सोसणे आणि उन्हात धावणे यांत फरक आहे. ४१ अंश सेल्सिअसच्या वर शरीराचे तापमान गेले की या कुत्र्यालाही उष्माघात होतो, त्यामुळे मार्च ते जूनमध्ये फेरी सूर्योदयापूर्वी उरकावी.

जुने खोड

सगळे वाचले. माझ्या आजोबांची कारवानी ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर वाढली आणि बारा-तेरा वर्षे जगली. लस कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हते. आपण आज प्रत्येक जनावराला नाजूक करून ठेवत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कुत्र्यांना कोणी रक्ताचे कागद दाखवले नव्हते.

माळकरी

जुने खोड, आपले निरीक्षण खोटे नाही, पण अर्धे आहे. आमच्याही आजोबांची कुत्री भाकरीवरच होती, असे घरात सांगतात. मात्र ती दिवसभर मोकळी असत आणि घरच्या भाकरीखेरीज उंदीर, घोरपड, ससा, शेळी व्याल्यावरचा जार असे बरेच काही त्यांच्या पोटात जात असे. भाकरी आपण टाकत होतो म्हणून ती आपल्याला दिसली. बाकीचे ते स्वतः मिळवत होते. आता जाळीच्या आवारातल्या कुत्र्याला केवळ भाकरी-ताक देणे म्हणजे त्या जुन्या आहाराचा कमी महत्त्वाचा भाग तेवढा पुढे चालवणे आहे. आणि बारा वर्षे जगलेली कुत्री आठवणीत राहतात, पण एका वेताच्या सहा पिल्लांतली चार पहिल्या पावसाळ्यात गेली हे कोणी मोजत नसे. आजीला विचारल्यावर तिने मात्र मोजून सांगितले होते.

भाकरी बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ताकात कुस्करलेली भाकरी आमची कुत्री आवडीने खातात, पण तिच्यासोबत अंडी, उकडलेले कोंबडीचे मांस, थोडी काळीज-कलेजी असे रोज काहीतरी असते. वाढत्या पिल्लाला कॅल्शियमही हवे, कारण नुसत्या मांसातून ते पुरेसे मिळत नाही. किती आणि कोणते, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा खायला घालावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती आतड्यात टोचतात. कांदा घातलेला रस्साही नको.

जुने खोड

घोरपडीचे विसरलो होतो. मान्य. साखळीबाबत मात्र आमच्याकडेही कधी बांधत नसत, एवढे नोंदवतो.

काळी माती

पुतण्याच्या बेताबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे सशाची शिकार हा गुन्हा आहे. काळवीट किंवा घोरपड असेल तर शिक्षा अधिकच कडक. कुत्रे सोडून केलेली शिकार ही शिकारच समजली जाते. आजोबांच्या काळातल्या घोरपडीच्या आठवणी आठवणीतच राहू द्याव्यात. कुत्र्याची धावण्याची हौस भागवायची असेल, तर लांब दोरीला कापडाची चिंधी बांधून ती जमिनीवरून नागमोडी ओढत न्यावी. त्याला ससा नको असतो, पळणारी वस्तू हवी असते. मात्र वर्ष-सव्वा वर्ष पूर्ण होईपर्यंत जोराची वळणे आणि मोटारसायकलमागे पळवणे टाळावे, कारण तोवर पायांच्या हाडांची वाढीची टोके कच्ची असतात.

बांधावरचा

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा वडिलांना वाचून दाखवला. साखळीचा बेत रद्द झाला असून जाळीचे माप घेणे सुरू आहे. पुतण्याला चिंधी आणि दोरी दिली आहे. तो थोडा नाराज आहे. दोन शंका उरल्या: पिल्लू याच आठवड्यात आणावे का, आणि पट्टा कोणता घ्यावा?

माळकरी

आणखी दोन आठवडे थांबावे. कुत्री दूध तोडते म्हणजे पिल्लाचे आईकडचे शिक्षण संपले असे नव्हे. किती जोरात चावले की दुसऱ्याला लागते, हे ते याच काळात भावंडांकडून शिकते. विक्रीसाठी तर २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांची अटच आहे. तोपर्यंत रोज शेजाऱ्यांकडे जाऊन त्याला हाताळावे, म्हणजे तुमचा वास आणि वडिलांचा आवाज त्याच्या ओळखीचा होईल. एक गोणपाट आताच त्याच्या आईखाली टाकून ठेवावे आणि आणताना तेच बरोबर आणावे. पहिल्या रात्री त्याच्यावर ते झोपते. पुढेही अंथरूण जाड असू द्यावे, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात.

पट्टा रुंद घ्यावा. या कुत्र्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, म्हणून साधा पट्टा कितीही नीट बसवला तरी ते मागे सरकून मान काढून घेते आणि क्षणात पलीकडच्या बांधावर असते. ओढ बसली की थोडा आवळणारा आणि सैल सोडला की मोकळा होणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तो मागवावा. आवळलेल्या अवस्थेत तो कानांवरून पुढे सरकत नाही ना, हे दर महिन्याला पाहावे, कारण पिल्लू वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो.