दिवाळी अंक, मुलांचं पान: सात संघ, सात खेळाडू

प्रेषक: स्कारबरोहून, अंक समिती

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या अंकात मुलांसाठी बर्फावरच्या हॉकीचं एक पान करायचं ठरलं आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले कॅनडाचे सात संघ आणि प्रत्येक संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू. निवडीचं काम माझ्याकडे आलं. नावं देतोच, पण आधी निकष सांगतो, कारण वाद तिथेच होणार.

खेळाडू एकंदरीत किती मोठा होता, हे बघायचं नाही. त्या संघाच्या जर्सीत त्याने काय केलं, तेवढंच धरायचं. आणि संघ हरत होता ती वर्षंही धरायची. जिंकत्या संघात चमकणं सोपं नसतंच, पण दर वर्षी एप्रिलमध्ये हरून घरी बसणाऱ्या संघात ऑक्टोबरात नवा सीझन उजाडला की पुन्हा त्याच जोमाने उतरणं, याचं वजन मला जास्त वाटतं.

एडमंटनबद्दल चर्चा नको, ग्रेट्झ्की. नऊ सीझनमध्ये चार स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद, पुढे नुसतं कप म्हणतो), 1981-82 मध्ये 92 गोल, 1985-86 मध्ये 215 गुण (स्वतःचे गोल आणि गोलला नेणारे पास मिळून). एडमंटनचाच मॅकडेव्हिड अजून खेळतो आहे, त्याचा हिशेब त्याची कारकीर्द संपल्यावर.

ओटावाला आल्फ्रेडसन. 1994 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, 133 व्या क्रमांकावर घेतलेला मुलगा, सतरा सीझन तिथे खेळला आणि 1108 गुण करून गेला.

कॅलगरीला जेरोम इगिन्ला. 525 गोल त्याच एका जर्सीत. 2004 मध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना टँपाकडून 2-1 असा गेला, कप हाताशी येऊन राहिला. वडील नायजेरियातून आलेले. योरुबा भाषेत इगिन्ला म्हणजे मोठं झाड, हे मुलांना जरूर सांगावं.

व्हँकुव्हरला सेदीन बंधू, आणि दोघे मिळून एकच नोंद. हेन्रिकचे 1070 गुण, डॅनियलचे 1041. एकाने पास द्यायचा, दुसऱ्याने गोल करायचा. 5 एप्रिल 2018 ला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना ओव्हरटाइममध्ये गेला, तेव्हाही हेन्रिकच्या पासवर डॅनियलनेच गोल करून तो संपवला. अशांना वेगळं कुठून करणार?

मॉन्ट्रियलला जाँ बेलिव्हो. खेळाडू म्हणून दहा कप, दहा वर्षं कप्तान. 1994 मध्ये गव्हर्नर जनरलपद देऊ केलं गेलं, तेव्हा वडील गमावलेल्या नातींजवळ राहायचं म्हणून त्याने नकार दिला.

विनिपेगला कॉनर हेलेबक. तीन वेझिना (सर्वोत्तम गोलीचा मान) आणि 2025 ची हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची), गोलीला क्वचित मिळणारी.

राहिलं टोरांटो, म्हणजे मेपल लीफ्स. तिथे मी बोर्ये साल्मिंग लिहिलं आहे. डिफेन्समन (बचावपटू), नंबर 21, 1973 ते 1989 असे सोळा सीझन. कप एकही नाही. लीफ्ससाठी 1099 सामने आणि 620 असिस्ट, म्हणजे गोलला नेणारे पास. या संघात इतके असिस्ट आजवर कुणाचे नाहीत, आणि तो फॉरवर्डसुद्धा नव्हता.

साल्मिंग स्वीडनच्या उत्तर टोकाचा, किरुनाकडचा, जिथे लोखंडाच्या खाणी आहेत. वडील खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा हा पाच वर्षांचा. 1973 मध्ये इथे आला तेव्हा लीगमध्ये युरोपातून येऊन मोठा झालेला खेळाडू जवळजवळ नव्हताच. स्वीडनची माणसं मऊ, दोन धक्के बसले की घरी जातील, असं उघड बोललं जायचं. दुसराच सामना फिलाडेल्फियाला होता. त्या संघाची मारकुटेपणाची ख्याती होती. साल्मिंगला तिथे काठ्या, कोपरं, ठोसे, सगळं मिळालं. तो मागे सरला नाही.

मी 1975 च्या डिसेंबरात आलो. कारखान्यातल्या पहिल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याच्या वासावरून बोलणं व्हायचं, मला कळत नाही असं समजून. सगळ्यांचा एकच विषय, लीफ्स. मी खडकीचा. धनराज पिल्लै पुढे जिथला म्हणून जगाला माहीत झाला, त्याच खडकीचा. हॉकी म्हणजे माझ्या लेखी मुरमाचं मैदान, गुडघे फुटलेले आणि स्टिकला गुंडाळलेली चिंधी. बर्फावरच्या हॉकीचे नियम मला ठाऊक नव्हते. पण समोरून सणसणत येणारा पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) अडवायला एक माणूस सगळं अंग बर्फावर आडवं टाकतो, त्यातलं कौशल्य ओळखायला नियम लागत नाहीत. खडकीत आमचा फुलबॅक हेच करायचा.

सप्टेंबर 1976 मध्ये कॅनडा कप ही देशादेशांची स्पर्धा झाली. साल्मिंग स्वीडनच्या पिवळ्या जर्सीत, म्हणजे परक्या संघाकडून, लीफ्सच्या घरच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये उतरला. नाव पुकारलं आणि अख्खं गार्डन्स उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

नावं पटत नसतील तर कळवा. पान महिनाअखेर छपाईला जातं.

स्कारबरोहून, तुमचा काका


प्रेषक: विनिपेगहून

भाऊजी, नमस्कार.

बाकी यादीला माझी हरकत नाही. विनिपेगच्या नावाला मात्र पूर्ण हरकत आहे.

हेलेबक गुणी मुलगा आहे, त्याच्याविरुद्ध एक शब्द नाही. पण हा संघ 2011 मध्ये अटलांटाहून आला. विनिपेगचा मूळचा संघ, जेट्स, 1996 मध्ये फिनिक्सला गेला आणि जाताना डेल हावरचकचे सगळे आकडेही कागदोपत्री घेऊन गेला. तुम्ही कागद धरलात तर हावरचक वाळवंटातल्या संघाचा होतो. असं कसं चालेल?

1980-81 मध्ये आमच्या संघाने ऐंशी सामन्यांत फक्त नऊ जिंकले होते. त्या उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या हावरचकला ड्राफ्टमध्ये पहिला घेतला. पोर्टेज आणि मेनच्या चौकात, रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीतून आणून, त्याचा करार भर रस्त्यात सही केला. पहिल्याच सीझनला त्याने 103 गुण केले आणि संघ गुणतालिकेत 32 गुणांवरून 80 वर गेला. नऊ सीझनमध्ये त्याचे 929 गुण झाले. तुमचाच निकष लावते: कप नाही, संघ बहुतेक वसंतांत एडमंटनकडून मार खाऊन घरी, आणि हा ऑक्टोबरात पुन्हा तय्यार.

1995 च्या मे महिन्यात संघ वाचवायला पैसे गोळा होत होते. गावातल्या द फोर्क्स या सार्वजनिक जागेत हजारो माणसं जमली होती. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याने आपला पैशांचा डबा फोडला आणि अकरा डॉलर चाळीस सेंट पाकिटात घालून दिले. पाकिटावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं नाही, 'नंबर 10' लिहिलं. हावरचक तोवर बफेलोला जाऊन पाच वर्षं झाली होती. संघ आणखी एक सीझन राहिला आणि गेला. 2020 मध्ये हावरचक कॅन्सरने गेला, अवघा 57 वर्षांचा. मुलगा आता टेक्सासला असतो. मला त्याच्या फोनवरून कळलं, टीव्हीवरून नाही.

इतिहास गावाचा असतो, नोंदणी क्रमांकाचा नसतो. कृपा करून नाव बदला.

विनिपेगच्या वहिनी


प्रेषक: मॉन्ट्रियलहून

काका, वहिनी, नमस्कार.

वहिनींना माझं पूर्ण अनुमोदन. कागद धरायचे तर क्युबेक सिटीचा पीटर श्तास्त्नी डेनव्हरचा ठरतो, कारण त्याचा संघ, नॉर्डिक्स, 1995 मध्ये तिकडे गेला. 1980 मध्ये चेकोस्लोव्हाकियातून भावासह पळून आलेला आणि त्या दशकात ग्रेट्झ्कीनंतर सर्वांत जास्त गुण करणारा माणूस डेनव्हरसाठी एक मिनिटही खेळला नाही.

आता आमचं. बेलिव्होबद्दल आदर मलाही आहे. पण मॉन्ट्रियलचं एकच नाव म्हटलं तर मोरिस रिशार. 1944-45 मध्ये पन्नास सामन्यांत पन्नास गोल, हे मुलांनाही पाठ होईल. पण मुद्दा तो नाही. त्या काळात कारखाने, बँका, दुकानं यांचे मालक इंग्रजी बोलणारे आणि हाताखाली फ्रेंच बोलणारे. स्वतःच्या शहरात नोकरी टिकवायला दुसऱ्याची भाषा बोलायची. त्या लोकांचा माणूस म्हणजे रिशार. मार्च 1955 मध्ये मारामारीवरून त्याला उरलेल्या सीझनभर बाहेर बसवलं, तेव्हा 17 तारखेच्या रात्री सेंट कॅथरिन रस्त्यावर काचा फुटल्या. शेवटी त्यालाच रेडिओवरून शांत राहा म्हणून सांगावं लागलं. आमच्या इमारतीतले एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ मला त्या रात्रीबद्दल सांगतात तेव्हा अजून आवाज खाली आणतात.

बेलिव्हो सगळ्यांना आवडायचा. रिशार मात्र त्यांना घरातला वाटायचा.

मॉन्ट्रियलहून


प्रेषक: मिसिसागाहून

नमस्कार काका.

मी इथेच वाढलो, त्यामुळे साल्मिंग मी खेळताना पाहिलेला नाही, किऑनही नाही. पण माझ्या मते टोरांटोला डेव्ह किऑन हवा. चार कप. 1967 मध्ये, म्हणजे लीफ्सनी शेवटचा कप जिंकला तेव्हा, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच. 1296 सामन्यांच्या एनएचएल कारकिर्दीत नियमभंगासाठी बाहेर बसण्याची एकूण 117 मिनिटांची शिक्षा, म्हणजे स्वच्छ खेळ कसा असावा ते मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. आणि 2016 मध्ये शताब्दीसाठी संघानेच शंभर खेळाडूंची यादी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर किऑनलाच ठेवलं. संघ स्वतः सांगतो आहे, तर आपण वेगळं का लिहायचं? अंकात मुलांनी वाचलेलं ते शाळेत जाऊन सांगणार, तिथे कुणी खोडून काढायला नको.

आपला, मिसिसागाहून


प्रेषक: स्कारबरोहून, अंक समिती

मंडळी, नमस्कार.

तिन्ही पत्रं दोन-दोनदा वाचली.

वहिनी, तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. हावरचक. ते पाकीट आणि अकरा डॉलर चाळीस सेंट पानावर आले पाहिजेत, तुमच्या मुलाला विचारून. मजकूर तुम्हीच लिहा.

मॉन्ट्रियलही बदलतो आहे. साल्मिंगबद्दल मी जे म्हणतो, तेच तुम्ही रिशारबद्दल म्हणता. मग तुम्हाला नाही म्हणायला मला तोंड नाही.

टोरांटो मात्र बदलत नाही. मिसिसागाकर, तुझे आकडे सगळे खरे आहेत. माझ्या मागच्या बाकावरचे वयस्क कामगार किऑनचं नाव काढायचे तेव्हा आपोआप सरळ बसायचे. शाळेत कुणी विचारलं तर मुलांकडे द्यायला उत्तर असू दे, म्हणून किऑनची चौकट त्याच पानावर खाली घालू आणि ती तू लिही. पण तो मोठा झाला ते कप जिंकणाऱ्या संघात. साल्मिंगचा संघ त्याच्या शेवटच्या वर्षांत इतका हलाखीत होता की तिकीट असूनही लोक जात नसत. 1986 मध्ये दुसऱ्याच्या स्केटचं पातं चेहऱ्यावरून फिरलं, दोनशेहून जास्त टाके पडले, आणि हा पुन्हा त्याच संघासाठी बर्फावर.

आणखी एक गोष्ट आपल्या यादीवरून नजर फिरवताना दिसली. आल्फ्रेडसन, दोघे सेदीन आणि साल्मिंग. सातांपैकी तीन नोंदी स्वीडनच्या.

नोव्हेंबर 2022 मध्ये आल्फ्रेडसन आणि सेदीन बंधू टोरांटोला आले होते, हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये सन्मान घ्यायला. साल्मिंगला एएलएस, म्हणजे स्नायू निकामी करत नेणारा आजार, झाला होता, तरी तो स्वीडनहून आला. बोलता येत नव्हतं. बर्फावर गालिचा अंथरला होता आणि शेजारी डॅरिल सिटलर, त्याचा जुना कप्तान. लोक उभे राहिले. साल्मिंगला हात करायचा होता, पण हात वर जाईना. सिटलरने त्याचं मनगट धरलं आणि हात वर उचलून दिला. सिटलर रडत होता. दुसऱ्या रात्री लीफ्सनी सुरुवातीचे सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश उतरवले. 24 नोव्हेंबरला साल्मिंग गेला.

चित्राचं काम नातीने घेतलं आहे. बर्फावर आडवा पडून पक अडवणारा साल्मिंग ती काढते आहे. स्टिक कुठल्या हातात, म्हणून काल दोनदा विचारून गेली. तो डाव्या बाजूने खेळायचा, म्हणजे वरचा हात उजवा. तेवढं नीट झालं की चित्र स्कॅन करून पाठवतो.

वहिनी आणि मिसिसागाकर, तुमचे मजकूर रविवारपर्यंत यावेत, प्रत्येकी दीडशे शब्द. मॉन्ट्रियलकर, इमारतीतल्या त्या गृहस्थांना जमलं तर त्या रात्रीच्या दोन ओळी सांगायला सांगा, फ्रेंचमध्येच. खाली मराठी आपण देऊ.

काका