काफे ओ ले घरी करायचीय, भांडं-कॉफी-दूध कोणतं घेऊ?

पूर्वा_लील: नमस्कार मंडळी, मी फ्रान्समध्ये लीलला शिकायला आलेय, घरमालकीण आजी रोज सकाळी मोठ्या बोलमध्ये (वाडग्यात) काफे ओ ले, म्हणजे गरम दूध घातलेली कॉफी, पितात आणि लोणी-जॅम लावलेला बागेत (लांब फ्रेंच पाव) त्यात बुडवून खातात, मलाही देतात, जाम आवडलीये. पुढच्या महिन्यात दुसरीकडे राहायला जातेय. मशीनचं बजेट नाही. काय काय घेऊ?

सह्याद्रीचा_निखिल: मशीन नकोच. ही एस्प्रेसोची (मशीनच्या दाबाने काढलेल्या दाट अर्काची) कॉफी नाही, कॅफेत काफे क्रेम म्हणून मिळते ती एस्प्रेसोवर असते, ही घरातली. साधा काचेचा फ्रेंच प्रेस (दांड्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं) घे. डार्क रोस्ट, जाडसर दळलेली, २०० मिली पाण्याला १५ ग्रॅम, चार मिनिटं ठेवून दाबायची. मग जेवढी कॉफी तेवढंच गरम दूध. पातळ कॉफी केलीस तर दुधात हरवून जाते, त्यामुळे पावडरीत काटकसर नको.

मेघना_ल्यों: मी मोका पॉटवाली (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं). प्रेसमध्ये तळाला गाळ राहतो आणि बोलमधल्या शेवटच्या घोटात तोंडात येतो, मला नाही चालत.

पण खरी गोष्ट दुधाची आहे गं. लाल झाकणाचं म्हणजे पूर्ण साईचं, निळं म्हणजे अर्धी साय काढलेलं, तू लालच घे. आणि बाहेरच्या रॅकवरचं यूएचटी (खूप जास्त तापवून टिकाऊ केलेलं) नको, त्याला शिजल्यासारखा वास असतो, फ्रिजच्या सेक्शनमधलं ताजं घे, थोडं महाग पडतं पण रोज प्यायचीय ना. आपल्यासारखं खळाखळा उकळायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच उतरव, नाहीतर साय धरते आणि चव बदलते.

कॉफीवेडा_पुणे: आजींना विचार, चिकोरी (भाजून दळलेलं एक मूळ) घालतात का? तुमच्या उत्तर फ्रान्समधल्या नॉर भागात चिकोरी पिकते, तिथल्या जुन्या घरांत घालायची सवय आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, कॉफी मिळेना, तेव्हापासून फ्रान्समध्ये चिकोरी जास्त रुळली. तुला तीच खमंग, किंचित कडसर चव आवडली असेल तर नुसत्या कॉफीने येणार नाही.

पूर्वा_लील: हो!! लरू कंपनीचं चिकोरीचं पिवळं पाकीट आहे त्यांच्याकडे, आत्ताच बघून आले. किती घालू?

कॉफीवेडा_पुणे: आधी कॉफी पावडरीच्या पाचव्या हिश्श्याइतकी घालून बघ. आणि बोल मोठा घे, कपात बागेत बुडत नाही.