पडद्यावरचा मॅक्स बेअर आणि खरा मॅक्स बेअर

सचिव:
सर्व सदस्यांना नमस्कार. बॉक्सर ब्रॅडॉकने जगज्जेत्या मॅक्स बेअरला हरवल्याची गोष्ट सांगणाऱ्या, रविवारी गच्चीवर दाखवलेल्या 'सिंड्रेला मॅन' या चित्रपटाला लहानथोर सर्वांची चांगली उपस्थिती होती. पुढच्या महिन्यातही बॉक्सिंगवरचाच चित्रपट हवा, असा मुलांचा आग्रह आहे. कोणता दाखवावा, हे कृपया येथे सुचवावे.

नाना (अ-१०२):
सचिवसाहेब, पुढचा चित्रपट ठरवण्याआधी या चित्रपटाविषयी थोडे बोलणे मला आवश्यक वाटते. सोमवारी संध्याकाळी आपल्या पार्किंगमध्ये मुले हाताला टॉवेल गुंडाळून ब्रॅडॉक आणि बेअर यांची लढत खेळत होती. बेअर व्हायला कोणीच तयार नव्हते. शेवटी सर्वांत लहान मुलाला बेअर केले आणि "तू दोन माणसं मारली आहेस" असे म्हणत बाकीच्यांनी त्याला स्कूटरच्या आडोशाला कोंडले. मुलांचा यात काहीच दोष नाही, कारण चित्रपटाने त्यांना हेच सांगितले आहे. परंतु मॅक्स बेअर हा खराखुरा माणूस होता आणि त्याच्याविषयी जे दाखवले गेले, ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

२५ ऑगस्ट १९३० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बेअरच्या ठोशांनी फ्रँकी कॅम्पबेल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला, हे खरे आहे. मात्र त्या मृत्यूने बेअर आतून खचला. तो ढसाढसा रडला, पुढच्या सहा लढतींपैकी चार हरला, आणि नंतरच्या काळात त्याने आपल्या कमाईतून कॅम्पबेलच्या कुटुंबाला मदत केली. चित्रपटात ज्या दुसऱ्या मृत्यूचे खापर त्याच्यावर फोडले आहे, तो एर्नी शाफ १९३२ च्या ऑगस्टमध्ये बेअरकडून हरला होता. परंतु त्याचा अंत झाला तो फेब्रुवारी १९३३ मध्ये, प्रिमो कार्नेराबरोबरच्या लढतीनंतर. पडद्यावरचा बेअर मात्र या मृत्यूंची शेखी मिरवतो आणि ब्रॅडॉकच्या पत्नीसमोर तिच्या वैधव्याची भाषा करतो. बेअरच्या मुलाने या चित्रणाला उघडपणे हरकत घेतली होती. वडिलांचे नाव असे काळवंडलेले पाहून कोणता मुलगा गप्प बसेल?

आप्पा (ब-३०४):
नाना, आपले म्हणणे वाचले. तरीही चित्रपटाला काही अडचणी असतात, त्यांचाही विचार व्हावा. महामंदीत होरपळलेला, गोदीवर हमाली करणारा, सरकारी मदतीवर मुलांना जगवणारा एक बॉक्सर १३ जून १९३५ रोजी जगज्जेत्याला हरवतो, ही गोष्ट दोन-सव्वादोन तासांत सांगायची, तर समोरचा माणूस भीतिदायक असल्याशिवाय प्रेक्षकाचा जीव टांगणीला कसा लागेल? शिवाय ब्रॅडॉकविषयी जे दाखवले, ते बरेचसे खरे आहे. पैजेच्या बाजारात त्याच्या विरुद्ध दहास एक असा भाव होता, आणि मदत म्हणून घेतलेले पैसे त्याने पुढे सरकारला खरोखरच परत केले. उजवा हात मोडलेला असताना गोदीवर डाव्या हाताने काम करावे लागल्याने त्याचा डावा ठोसा बळकट झाला, हेही खरेच सांगितले जाते. असा माणूस मुलांपुढे आला, याचे मला समाधान आहे.

नाना (अ-१०२):
आप्पा, ब्रॅडॉकविषयी माझी काहीच तक्रार नाही. उलट माझे म्हणणे असे आहे की, त्याची गोष्ट जशी घडली तशीच एवढी भक्कम आहे की तिला खोट्या टेकूची गरज नव्हती. त्या दिवशी बेअरने ब्रॅडॉकला हलक्यात घेतले, पुरेसा सराव केला नाही, रिंगमध्ये माकडचेष्टा केल्या आणि पंधरा फेऱ्यांनंतर तो एकमताने गुणांवर हरला. गर्विष्ठ आणि बेफिकीर जगज्जेता एका कष्टकरी माणसाकडून हरतो, यात नाट्य कमी आहे का?

आपल्याकडे यात्रेतल्या दंगलीत चितपट झालेला पैलवानही अंगावरची माती झटकून ताठ मानेने गावी जातो, कारण तो कुस्ती हरलेला असतो, अब्रू हरलेला नसतो. चित्रपटात मात्र नायकाच्या विजयाचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या अब्रूने चुकवले जाते, आणि तो माणूस हयात नसल्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही. बेअर १९५९ मध्येच वारला होता. चित्रपट आला २००५ मध्ये.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती रविवारी बहुतेकांच्या लक्षात आली नसावी. बेअरच्या चड्डीवर सहा टोकांचा तारा, म्हणजे ज्यू समाजाचे चिन्ह होते. त्याचे आजोबा ज्यू होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांतच, ८ जून १९३३ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगविरुद्ध हा तारा लावून उतरला आणि दहाव्या फेरीत त्याने लढत जिंकली. त्या काळी ज्यू समाजासाठी ही फार मोठी गोष्ट होती. चित्रपटात तो तारा जेमतेम दिसतो आणि त्याचा अर्थ कोणी सांगत नाही.

ताई (ब-२०१):
नानांच्या मुद्द्याला जोड देणारे उदाहरण 'द हरिकेन' या १९९९ च्या चित्रपटात आहे. रूबिन कार्टर या बॉक्सरला खुनाच्या आरोपाखाली अनेक वर्षे तुरुंगात डांबले गेले आणि १९८५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्याची शिक्षा रद्द केली. एवढी मोठी सत्यकथा हाती असताना चित्रपटाने १४ डिसेंबर १९६४ ची जोई जिआर्डेलोविरुद्धची लढत उलटीपालटी केली. पडद्यावर कार्टर जिआर्डेलोला रक्तबंबाळ करतो आणि वर्णद्वेषी पंच विजय जिआर्डेलोला बहाल करतात. प्रत्यक्षात जिआर्डेलो एकमताने जिंकला होता आणि रिंगजवळ बसलेल्या बहुतेक वार्ताहरांनाही तो निर्णय योग्य वाटला होता. जिआर्डेलो तेव्हा हयात होता, त्याने दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. कार्टरवर अन्याय झाला, हे सांगण्यासाठी दुसऱ्या एका माणसाचा प्रामाणिक विजय हिरावून घेण्याचे कारण काय, हे मला आजही कळत नाही. शिवाय असे एक खोटे उघड झाले की प्रेक्षक खऱ्या अन्यायावरही शंका घेऊ लागतो, आणि यात सर्वांत जास्त नुकसान कार्टरचेच झाले.

याउलट जेक लामोटा या बॉक्सरवरचा 'रेजिंग बुल' पाहावा. लामोटाने स्वतःच्या आत्मकथनात आपले दोष मांडले, बिली फॉक्सविरुद्धची १९४७ ची लढत मुद्दाम हरल्याची कबुली १९६० मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली, आणि त्याची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट डी नीरोला स्वतः बॉक्सिंगचे धडे दिले. त्यातही भाऊ आणि मित्र यांची एकच व्यक्तिरेखा केली आहे, पण त्याने कोणाची बदनामी होत नाही. अर्थात तो चित्रपट मुलांना दाखवण्याजोगा नाही.

भाऊ (अ-४०३):
काल्पनिक नायकही खऱ्या खेळाडूला मागे टाकू शकतो, हे येथे नोंदवावेसे वाटते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 'रॉकी' या चित्रपटातल्या बॉक्सरचा पुतळा १९८० च्या दशकापासून आहे. त्याच शहरात घडलेला जगज्जेता जो फ्रेझर, ज्याने स्वतः तेथील कत्तलखान्यात काम केले होते, २०११ मध्ये वारला आणि त्याचा पुतळा २०१५ मध्ये उभा राहिला.

ताई (ब-२०१):
भाऊ, हे वाचून वाईट वाटले. आपल्याकडचे उदाहरण म्हणून 'मेरी कोम' सुचते. त्यात शेवटच्या लढतीच्या वेळीच तिच्या मुलाची हृदयशस्त्रक्रिया चालू असल्याचे दाखवले आहे. ती लढत २००८ सालची. शस्त्रक्रिया मात्र २०११ मधली, आणि त्या वेळी ती चीनमध्ये दुसऱ्याच स्पर्धेत खेळत होती. हा बदल मला तितकासा खुपत नाही, कारण आई म्हणून तिची घालमेल खरीच होती आणि कोणाच्या नावाला बट्टा लागलेला नाही. मला खुपते ते वेगळेच: मणिपूरमध्ये हिंदी चित्रपटांवर बंडखोर संघटनेने घातलेल्या बंदीमुळे तिच्या स्वतःच्या राज्यात तो चित्रपटगृहांत लागू शकला नाही. ज्या लोकांमधून ती आली, त्यांनाच तो सहजपणे पाहता आला नाही.

आप्पा (ब-३०४):
ताई, नाना, आपण दिलेल्या तपशिलांनंतर मी माझे मत थोडे बदलतो. घटनांचा क्रम बदलणे किंवा दोन माणसांचा एक करणे मला अजूनही मान्य आहे. खऱ्या नावाच्या माणसाला खुनशी ठरवणे मान्य नाही. पुढच्या महिन्यासाठी मी 'चंदू चॅम्पियन' सुचवतो. तो ज्यांच्या आयुष्यावर आहे, ते मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

सचिव:
आप्पांची सूचना चांगली आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, साडेसात वाजता, गच्चीवर. नाना, चित्रपट सुरू होण्याआधी मुलांना बेअर आणि शाफ यांची हकीकत आपणच सांगावी, अशी विनंती आहे.

नाना (अ-१०२):
अवश्य सांगेन. श्मेलिंगविरुद्धच्या लढतीचे जुने चित्रण उपलब्ध आहे. आपल्या प्रोजेक्टरवर ते आधी लावावे, म्हणजे चड्डीवरचा तो तारा मुलांना नीट दाखवता येईल.