मदत हवी आहे : ऑलिम्पिक नॅशनल पार्क, आई-बाबांसोबत मुक्काम कुठे करावा?

मंडळी, जुलैअखेर आई-बाबांना घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कला जायचं घाटतंय. सिएटलहून गाडीनेच जाऊ. पण नकाशा जितका बघावा तितका गोंधळ वाढतोय.

मुख्य अडचण अशी की पार्कमधून आरपार जाणारा रस्ताच नाही. हायवे १०१ बाहेरून वळसा घालतो. प्रत्येक ठिकाणी त्यावरून आत शिरायचं आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं. हरिकेन रिज हा डोंगरमाथा उत्तरेच्या पोर्ट अँजेलिस गावाहून १७ मैल वर, तर होहचं वर्षावन आणि समुद्रकिनारे पार पश्चिमेला. मग सगळा मुक्काम पोर्ट अँजेलिसलाच ठेवावा की थोडा पश्चिमेच्या फोर्क्स गावी? आईला रोज बॅगा भरायचा कंटाळा, आणि रोज चार तास गाडीत बसायचाही!

बाबांना हिमनदी बघायचीच आहे. माउंट ऑलिम्पसच्या ब्लू ग्लेशियरपर्यंत होहकडून चालत जायचं तर एकेरीच १७-१८ मैल, म्हणजे तो विषय संपला. हरिकेन रिजवरून हिमनद्या नीट दिसतात का, की नुसते पांढरे ठिपके?

शिवाय रिआल्टो बीचवरून होल-इन-द-वॉल, म्हणजे आरपार भोक असलेला खडक, दीड मैल आहे म्हणे. आईचा गुडघा दुखरा आहे. झेपेल?

फोटो नकोत, ते सगळे सुंदरच असतात. रस्ता, वेळ आणि गुडघे यांवर बोला.

प्रतिसाद १

मुक्काम दोन ठिकाणी करा. पोर्ट अँजेलिसहून होह गाठायला दोनेक तास लागतात, आणि उन्हाळ्यात पार्किंग भरलं की गेटवर गाड्या अडवतात. एक बाहेर आली की एक आत. फोर्क्सहून भल्या सकाळी निघालात तर हा ताप वाचेल. तिथली हॉल ऑफ मॉसेसची फेरी जेमतेम ०.८ मैलांची आहे, आईंना जमेल. मेपलच्या फांद्यांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबतं, त्यामुळे थांबत थांबतच चालणं होतं.

हरिकेन रिजला दुर्बीण न्याच. ऑलिम्पसची रांग दरीपलीकडे आहे, दुर्बिणीतून बाबांना हिमनद्या नीट दाखवता येतील. मात्र ढग असले तर काही म्हणजे काही दिसत नाही, निघण्याआधी पार्कचा वेबकॅम बघा. वरचा डे लॉज मे २०२३ मध्ये जळाला, त्यामुळे खाणं-पाणी सोबत ठेवा.

प्रतिसाद २

रिआल्टोबद्दल. अंतरावर जाऊ नका, सगळा गोट्यांचा किनारा आहे, पाय रुततो. वाटेत एलेन क्रीक ओलांडताना बूट भिजू शकतात. आईंना पार्किंगजवळच बसवा, तिथूनही समुद्रातले सुळके छान दिसतात. तुम्ही पुढे जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघूनच. त्या भोकातून ओहोटीलाच जाता येतं. आणि भरतीच्या वेळी किनाऱ्यावरच्या ओंडक्यांवर कोणीही चढायचं नाही. केवढाही ओंडका असो, लाट तो सहज उचलते आणि माणूस खाली सापडतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, फोर्क्सचं बुकिंग बघतो. परतताना रुबी बीच, कलालॉच, लेक क्विनॉल्ट करत दक्षिणेकडून ऑलिंपियामार्गे यावं का?

प्रतिसाद २

हो, तसंच या. फेरीही पूर्ण होईल. रुबी बीचला उतार आहे, पण छोटा. आईंना काठी द्या.