'वॉर्म इस्केमिया'ला मराठीत काय म्हणावं?

कोशकीटक: किडनीतली गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेचं संमतिपत्र मराठीत करायचंय. आधीच्या मसुद्यात 'वॉर्म इस्केमिया टाइम'ला 'उष्ण रक्ताल्पता काळ' म्हटलंय. हे वाचून पेशंट ताप मोजत बसेल. दुसरं सुचवा.

चिमटा: रक्ताल्पता म्हणजे ॲनिमिया! इथे अंगात रक्त भरपूर आहे, फक्त किडनीपर्यंत पोचत नाही. आणि 'वॉर्म' म्हणजे तापवलेली नव्हे, थंड न केलेली. धमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लावला की किडनी ३७ अंशांवरच उपाशी राहते, म्हणून साधारण २५ मिनिटांत क्लॅम्प सोडायला बघतात. वेळ लागणार असेल तर क्लॅम्प लावल्याबरोबर भोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा भरतात, दहाएक मिनिटं थांबतात, मगच गाठ कापायला घेतात.

पाठभेद: मग 'रक्तरोध' घ्या. ग्रीक मुळातही रक्त अडवणंच आहे. आणि किडनी कशाला? 'वृक्क' म्हणा.

चिमटा: 'रक्तरोध' वाचून रक्तस्राव थांबवला असं वाटेल. अर्थ बरोब्बर उलटा.

उकडहंडी: वृक्क? चरकात वृक्क हे मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गांचं मूळ. मूत्रवहांचं मूळ बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ). शुद्धतेच्या नावाखाली लघवीशी नातंच तुटलं की! त्यापेक्षा खाटकाकडचा गुरदा बरा, निदान ताटात काय येणार ते कळतं.

कोशकीटक: 'रक्तपुरवठा बंद असण्याचा वेळ' लिहू?

चिमटा: लिहा, पण 'थंड न करता' हे शब्द आधी हवेत. मात्र 'रक्ताअभावी झालेली इजा' एवढ्यावर थांबू नका. बरीचशी इजा क्लॅम्प सुटल्यावर होते. उपाशी पेशींत हायपोझँथिन, म्हणजे ऊर्जेचे रेणू मोडून उरलेला पदार्थ, साठलेलं असतं. ऑक्सिजन परत आला की त्यातूनच मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात. बाह्य मेड्युलातल्या (किडनीच्या आतल्या गाभ्याच्या बाहेरच्या थरातल्या) नलिका आधी मरतात, तिथे एरवीही ऑक्सिजन जेमतेम. पूर्वी क्लॅम्पआधी १२.५ ग्रॅम मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) द्यायची रीत होती. मूळची किडनी चांगली असेल तर त्याचा फायदा चाचणीत दिसला नाही. रक्तदाब पडू न देणं आणि वेळ राखणं, हेच खरं.

पाठभेद: 'मुक्त मूलकं' चालतं, 'वृक्क' चालत नाही. कमाल आहे.

कोशकीटक: आणि 'रिपर्फ्युजन', म्हणजे क्लॅम्प सुटल्यावर रक्त परत वाहणं? 'पुनर्रक्तपुरवठा' उच्चारताना जीभ अडकते.

उकडहंडी: ते राहू द्या. आधी सांगा, गुरदा की गुर्दा?