मदत हवी आहे: शाळेत फ्लूची साथ आहे आणि तापलेली मुलं रोज वर्गात येताहेत

खडू_फळा

नमस्कार मंडळी,

मी चाकण परिसरातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. शाळा पहिली ते सातवीची, तिसरीचा वर्ग माझ्याकडे. बहुतेक पालक कंपन्यांमध्ये कंत्राटी कामावर आहेत. नागपंचमीनंतर शाळेत तापाची साथ सुरू झाली. आधी पाचवीतली मुलं आजारी पडली, मग त्यांची खालच्या वर्गांतली भावंडं, आणि आता पोषण आहार शिजवणाऱ्या ताई व आमच्यातल्या काही शिक्षिकाही. एकदम भरून येणारा ताप, कोरडा खोकला, घसा धरणं, अंग मोडून येणं. काही मुलांची तपासणी झाली तेव्हा इन्फ्लुएंझा निघाला, म्हणजे आजार कोणता ते कळलं आहे. अडलंय ते पुढे: आजारी मूल घरी राहतच नाही.

परवाचंच सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा सकाळी हसत आला, पहिला तास नीट बसला. लहान सुट्टी संपता संपता त्याने डोकं बाकावर टेकलं. कान लाल, हात लावला तर चटका बसावा असं अंग. विचारलं तर म्हणाला, "आईने सकाळी गुलाबी औषध पाजलंय, चाचणी आहे ना." पॅरासिटामॉलचा असर उतरला आणि ताप परत चढला. आईला फोन लावला तर बंद. कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात. वडील रात्रपाळी करून झोपलेले. मग तो शाळा सुटेपर्यंत ऑफिसातल्या बाकावर माझी ओढणी पांघरून पडून राहिला, आणि त्याच ऑफिसात दिवसभर सगळ्यांची ये-जा चालू होती.

याला पालकांचा हलगर्जीपणा म्हणणं मला पटत नाही. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते, आणि घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, तिथे मुलाला एकटं कसं ठेवणार? शिवाय आमचेच नियम त्याला शाळेकडे ढकलतात. शंभर टक्के हजेरीला पंधरा ऑगस्टला बक्षीस असतं. घटक चाचणी बुडली तर पुन्हा घेत नाहीत. तीन दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात.

मुख्याध्यापक ऐकून घेणारे आहेत, पण त्यांच्यासमोर नुसती तक्रार नको, काहीतरी पक्कं घेऊन जायचं आहे. म्हणून जाणकारांना विचारते. मुलाला नेमके किती दिवस घरी ठेवायला सांगायचं? शाळेत ताप चढला तर त्याला बसवायचं कुठे? काही पालक शाळाच बंद ठेवा म्हणताहेत, त्याचा उपयोग होतो का? आणि आता लस घेऊन फायदा आहे का? आमच्याकडे नर्स नाही, वेगळी खोली नाही, हात धुवायला नळ मोजके. हे धरूनच सुचवा, ही विनंती.

डॉ_पाऊलवाट

ताई, मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. सध्या ओपीडीत हेच चालू आहे. आपल्याकडे फ्लू साधारण दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि दुसऱ्यांदा भर पावसाळ्यात.

आधी घरी ठेवण्याचं बघू. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवतो, लहान मुलं कधी कधी त्याहून जास्त. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. शाळेने पाळायला सोपा नियम असा: तापाचं कोणतंही औषध न देता सलग चोवीस तास ताप आला नाही की मूल शाळेत येऊ शकतं. "औषध न देता" हे शब्द पालकांना ठासून सांगा, कारण तुमच्या त्या विद्यार्थ्याचं नेमकं तिथेच बिनसलं. खोकला पुढे आठ-दहा दिवस रेंगाळू शकतो. तेवढ्यासाठी मूल अडवून ठेवायची गरज नाही, तोंडावर रुमाल किंवा मास्क पुरे.

सर्टिफिकेटची अट मात्र साथीपुरती तरी काढायला लावा. पाच दिवसांत घरीच बरं होणारं मूल केवळ कागदासाठी माझ्या बाकावर येऊन बसतं, शेजारी कुणाचं तान्हं बाळ असतं, आणि पालकांच्या खिशाला तपासणीची फी. पालकांची चिठ्ठी पुरेशी मानावी.

प्रत्येक मुलाची तपासणीही करायची नसते. सौम्य ताप-खोकला असेल तर विश्रांती, भरपूर पाणी, पेज, वजनानुसार पॅरासिटामॉल. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये, त्यातून रे सिंड्रोम नावाचा यकृत-मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. दुकानातून मिळेल ती डोकेदुखीची गोळी मुलाला देतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. दमा, हृदयविकार असलेली मुलं किंवा पाच वर्षांखालची भावंडं आजारी पडली तर वाट पाहू नका, पहिल्याच दिवशी दाखवा.

आणि एक. हे दिवस डेंग्यूचेही आहेत. सर्दी-खोकला अजिबात नाही, नुसता जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ असं असेल तर "शाळेत फ्लूच चालू आहे" म्हणून घरी बसू नका. तेव्हा आयब्युप्रोफेन हे ताप-अंगदुखीचं औषधही टाळायचं.

लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. या साथीला ती थोडी उशिराच ठरेल, तरी शिक्षक, स्वयंपाकी ताई, घरातली गरोदर बाई यांनी घ्यावी असंच मी म्हणेन. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्या. ही लस मुलांच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात येत नाही, खासगीत पैसे पडतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करून बघा.

पेठेतली_मावशी

मी पुण्यात शाळेत होते, आता निवृत्त. २००९ चा ऑगस्ट आम्ही शाळेतूनच पाहिला. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर शहराची झोप उडाली. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा, दुकानांतून मास्क गायब, शाळा-कॉलेजं आणि चित्रपटगृहं बंद. त्या वेळी तो विषाणू नवा होता, कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे बंद ठेवणं समजण्यासारखं होतं.

पण शाळा बंद करून काय साधतं ते मी जवळून पाहिलं आहे. मुलं घरात थांबली तर उपयोग होतो. आमची मुलं जिन्यात, क्लासला, शेजारच्या घरी टीव्हीपुढे जमली. तुमच्याकडे तर आई-बाप कामावर असताना मुलं एकमेकांच्या खोल्यांतच बसणार, आणि दुपारचं जेवण जाईल ते वेगळं. पोषण आहारावर ज्यांचं पोट आहे त्यांचा विचार आधी करा. एखाद्या वर्गात निम्मी मुलं आजारी असतील आणि शिकवायला शिक्षकच नसतील तेव्हा प्रश्न वेगळा, पण तो निर्णय शाळेने एकटीने घेऊ नये. तापाच्या मुलांची वर्गवार संख्या लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि शिक्षण विभागाच्या केंद्रप्रमुखांना आजच कळवा. आरोग्य केंद्राने अशा साथीची नोंद वर पाठवायची असते. लेखी गेलं की माणसं येतात.

आम्ही केलेल्या गोष्टींत टिकल्या त्या साध्याच. परिपाठ मैदानावर किंवा आपापल्या वर्गात घेतला, बंद सभागृहात नाही. पाऊस असला तरी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, झड येते त्या बाजूची बाकं ओढून घेतली. पाण्याच्या पिंपावर साखळीने बांधलेला एकच पेला असेल तर तो आधी काढा! ज्याची त्याची बाटली. ताप चढलेलं मूल बसवायला खोली नसेल तर व्हरांड्याचं टोक चालतं: आडोसा, वारा, एक सतरंजी, मास्क, आणि सोबतीला एकच मोठं माणूस. ऑफिस ही त्यासाठी सगळ्यांत चुकीची जागा.

दुसरी_पाळी

मी पालक म्हणून लिहितोय. माझी मुलगी चौथीत आहे, शाळा तुमची नव्हे पण परिसर तोच. मॅडम, तुम्ही पालकांना दोष दिला नाहीत, बरं वाटलं.

आमच्यासाठी खरी अडचण वेळेची आहे. सकाळी सहाला बस पकडायची असते, तेव्हा पोरीचं अंग गरम आहे की नाही हे बघून कुठे ठेवायची ते ठरवायला वेळच नसतो. शाळेचा निरोप आदल्या संध्याकाळी आला तर नवरा-बायको पाळ्या जुळवू शकतात. आम्ही चाळीतल्या तीन घरांनी तेच ठरवलंय. ज्याची पाळी दुपारची तो सकाळी आजारी पोराकडे बघतो. आजीकडे सोडणं सोपं असतं, पण आमच्याकडे आईला मधुमेह आहे, म्हणून ते बंद केलं.

फोनचं म्हणाल तर गेटवरच्या सिक्युरिटी केबिनचा लँडलाइन नंबर शाळेने घेऊन ठेवावा. तिथून लाइनवर निरोप पोचतो. प्रवेशाच्या फॉर्मवर फक्त वडिलांचा मोबाइल असतो, त्याचा दिवसा काही उपयोग नाही. शेजारच्या एका घराचाही नंबर घ्या. आणि शाळेच्या व्हॅनकडे बघा. पावसामुळे काचा बंद, मांडीवर मांडी घालून पोरं बसवलेली. वर्गात कितीही खिडक्या उघडल्या तरी अर्धा तास त्या डब्यात जातोच.

खडू_फळा

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी. मनापासून आभार. गेटचा नंबर मला कधीच सुचला नसता. मुख्याध्यापकांशी आज बोलले. हजेरीचं बक्षीस यंदा आजारपणाचे दिवस वगळून मोजायचं त्यांनी लगेच मान्य केलं. चाचणीबद्दल ते जरा अडले होते, पण आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारी पाहणी, शाळेच्याच हातात असतं, ज्यांची चाचणी बुडली त्यांची तोंडी किंवा लेखी चाचणी नंतर घेता येते, हे दाखवल्यावर पटलं. व्हॅनवाल्या दादांना खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवायला सांगितलं आहे. सर्टिफिकेटचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत होईल.

हात धुण्यासाठी एका सरांनी नळाला प्लास्टिकचा लांब पाइप आडवा जोडून त्याला ओळीने भोकं पाडायचं काढलंय, म्हणजे एका वेळी आठ-दहा मुलं धुतील. साबण जाळीच्या पिशवीत बांधून लटकवणार. जेवणाआधी रांगेत वीस सेकंद, तेवढ्यात दोनचा पाढा म्हणून होतो.

पालकांना आज संध्याकाळी हा निरोप पाठवायचा आहे. हिंदीतही करते आहे, कारण बरीच कुटुंबं बिहार-उत्तर प्रदेशातली आहेत. डॉक्टर, एकदा बघाल का?

"पालकहो, शाळेत फ्लूची साथ आहे. मुलाला ताप असेल तर औषध देऊन शाळेत पाठवू नका. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस-रात्र ताप आला नाही की पाठवा. हजेरी आणि चाचणी यांचं नुकसान होणार नाही, बुडलेली चाचणी आम्ही नंतर घेऊ. मुलाला रोज पाण्याची स्वतःची बाटली द्या. दिवसा निरोप पोचेल असा आणखी एक नंबर वर्गशिक्षकांना कळवा."

डॉ_पाऊलवाट

निरोप चांगला आहे, लहान आहे, तसाच ठेवा. फक्त धोक्याची लक्षणं राहिली, ती घालाच: धाप लागणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, मूल सारखं गुंगीत असणं, पाणी न पिणं, आठ तास लघवी न होणं, झटका येणं. आणि ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटल्यावर पुन्हा जोरात चढणं, तेव्हा न्यूमोनिया झालेला असू शकतो. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

घरात एक मूल आजारी असेल आणि दुसऱ्याला काही होत नसेल तर त्याला शाळेत येऊ द्या, पण वर्गशिक्षकांना कळवून. पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत त्याच्या कपाळाला हात लावून बघायचा, एवढं वर्गावर ठरवून द्या.