मालिकेतल्या लग्नात पाहुण्यांच्या गर्दीत काम: ‘कन्टिन्युइटी सांभाळा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तिसरी_घंटा
घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत मराठी मालिकेतल्या लग्नाचं शूटिंग आहे. पाहुण्यांच्या गर्दीत उभं राहायचं काम मिळतंय. सकाळी ७ चा कॉल. तीन जोड कपडे आणा आणि कन्टिन्युइटी सांभाळा, एवढंच को-ऑर्डिनेटरने सांगितलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा अनुभव शून्य आहे. तो आधी ५०० रुपये ‘रजिस्ट्रेशन’ मागतोय. सात वर्षांच्या भाच्यालाही आणा म्हणतोय. काय सांभाळायचं, काय विचारून घ्यायचं?

चौथी_रांग
कन्टिन्युइटीचं (दर शॉटमध्ये सगळं जसंच्या तसं दिसणं) आधी सांगतो, कारण नवीन माणसाला ती कुणी समजावतच नाही.

एकच प्रसंग आधी लांबून घेतात (मास्टर), मग तोच जवळून, पुन्हा दुसऱ्या बाजूने. एडिटर हे तुकडे जोडतो. एका तुकड्यात तुमचा सरबताचा पेला उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या हातात असेल, तर जोड उघडा पडतो. म्हणून मास्टर होताच चार गोष्टी मनाशी पक्क्या करा: कुठे उभे होता, शेजारी कोण होतं, कुठल्या हातात काय होतं आणि कुठल्या वाक्याला काय केलंत. हालचाल वेळेशी बांधू नका, संवादातल्या शब्दाशी बांधा. ‘थोड्या वेळाने वळायचं’ हे पुढच्या टेकला (तोच शॉट पुन्हा घेताना) हमखास चुकतं. ‘मामा म्हणाले की वळायचं’ हे चुकत नाही.

लग्नातली खरी परीक्षा अक्षतांची. प्रत्येक टेकआधी मूठ नव्याने भरायची, तेवढीच, त्याच हातात. ‘सावधान’ला टाकायच्या तर प्रत्येक टेकला ‘सावधान’लाच, आणि सगळी मूठ पहिल्याच कडव्याला संपवायची नाही. टेक संपला की केसांत, खांद्यावर तांदूळ अडकलेले असतात. ते लगेच झटकू नका. शॉट सुरुवातीपासून पुन्हा घ्यायचा असेल तर ते काढावे लागतात, इथून पुढे चालू ठेवायचा असेल तर तसेच राहायला हवेत. कन्टिन्युइटी पाहणाऱ्या एडीला (सहायक दिग्दर्शकाला) विचारा. बरेचदा ते मोबाइलवर फोटो काढून ठेवतात, त्याआधी पदरसुद्धा सारखा करू नका.

पंगतीचंही तेच. घास अगदी लहान घ्या किंवा हात ताट ते तोंड नुसता न्या. दहा टेक झाले तर दहा घास खावे लागतील आणि ताटातली जिलेबी दर टेकला लहान होत जाईल. शिवाय ते अन्न लाइटखाली तासन्‌तास पडलेलं असतं, चमक यावी म्हणून त्यावर तेल किंवा ग्लिसरीन मारलेलं असू शकतं. पोटाला बाधेल.

बूमखाली
वरच्या उत्तरात आवाज राहिला. संवाद सेटवरच रेकॉर्ड होत असतील तर टेक चालू असताना पंखे, एसी बंद होतात आणि गर्दीला गप्प राहूनच बोलायचं असतं. कुजबुजूही नका, कुजबुजीतला ‘स-श’ माइक सहज पकडतो. ओठ हलवा, घशातून आवाज काढू नका, पण मनात खरी वाक्यं असू द्या: ‘हॉल छान घेतलाय’, ‘गाडीने आलात का?’ नुसते ओठ हलवले की माणूस काहीतरी चघळतोय असं दिसतं. एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं. टाळ्या वाजवताना तळवे भिडायच्या आत थांबवा. काचेच्या भरगच्च बांगड्या, पैंजण आणि कडक, सळसळणारी साडी एखादा चांगला टेक बाद करू शकते. चपलेचा टाच-टाच आवाज येत असेल तर तळाला फेल्टचा तुकडा चिकटवा.

शेवटी साउंडवाले कधी कधी नुसता गर्दीचा आवाज वेगळा घेतात (वाइल्ड ट्रॅक). तेव्हा मात्र मोकळेपणाने बोला. मोबाइल व्हायब्रेटवर नको, बंदच ठेवा. लाकडी खुर्चीवर पडलेल्या फोनची घरघर सगळ्या सेटला ऐकू जाते.

तिसरी_घंटा
अक्षतांचं लिहून ठेवलं. ‘क्रॉसिंग’ द्यावं लागेल असंही म्हणाला. आणि कपडे कसे आणू?

चौथी_रांग
क्रॉसिंग म्हणजे फ्रेममधून (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चौकटीतून) या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं. एडी हाताने किंवा शब्दाने क्यू (निघायचा इशारा) देतो. तालमीत पावलं मोजा. आठ पावलांत पोचत असाल तर दर टेकला आठच. कॅमेऱ्याजवळून जायचं असेल तर चाल नेहमीपेक्षा हळू ठेवा. लेन्ससमोरून झपकन गेलात तर पडद्यावर नुसता काळा फटकारा दिसतो आणि मागच्या नटाचा चेहरा नेमका झाकला जातो. पुढच्या माणसात दोन-तीन पावलांचं अंतर सोडा. फ्रेम संपली असं वाटल्यावर तिथेच थबकू नका, पुढे जात राहा. आणि सांगितल्याशिवाय परत फिरू नका, नाहीतर आत्ताच गेलेले काका लगेच उलट दिशेने परत येताना दिसतात. तुम्हाला लेन्स दिसत असेल तर लेन्सला तुम्ही दिसताय, एवढं ध्यानात असू द्या. मालिकेत एका वेळी दोन-तीन कॅमेरे चालतात, त्यामुळे कोपऱ्यात उभं राहून जांभई देणंही पडद्यावर येऊ शकतं.

‘कॅमेरा लेफ्ट’ म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने डावीकडे. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून असाल तर ती तुमची उजवी बाजू. ‘जरा चीट कर’ म्हणजे फ्रेम भरावी म्हणून पाऊलभर सरकणं. का सरकायचं ते विचारत बसू नका.

कपड्यांत पांढराशुभ्र, बारीक रेघा, बारीक चौकडी टाळा. कॅमेऱ्यात त्या रेघा लहरींसारख्या नाचतात. ब्रँडचं नाव छातीवर नको. नवरा-नवरीच्या रंगाचं नको, म्हणून तर तीन जोड आणायला सांगतात. इस्त्री करून हँगरवर न्या. सेफ्टी पिना, रुमाल, पाण्याची बाटली आणि आरामशीर चप्पल बरोबर ठेवा. घाम पुसू नका, टिपा, नाहीतर मेकअप निघतो. स्मार्ट वॉच काढून ठेवा. मेकअपला बसायच्या आधी नाश्ता करून घ्या.

हजेरी_वही
रजिस्ट्रेशनचे ५०० रुपये अजिबात देऊ नका. काम तुम्ही करणार, पैसे तुम्हाला मिळायला हवेत. मुंबईत गर्दीत काम करणाऱ्यांच्या युनियन आहेत: पुरुषांसाठी ज्युनियर आर्टिस्ट असोसिएशन आणि महिलांसाठी महिला कलाकार संघ. युनियनचं सभासदत्व वेगळं: ते कार्यालयात जाऊन, पावती घेऊन करायचं. व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी नंबरला पैसे पाठवून नव्हे.

को-ऑर्डिनेटरकडून मेसेजवर लेखी घ्या: कमिशन कापून हातात किती, शिफ्ट किती तासांची, त्यानंतर तासाला किती, जेवण आणि कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) आहे का, पैसे कधी. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रुळलेली आहे. म्हणून ‘पैसे मिळतील’ या उत्तरावर थांबू नका, तारीख विचारा. इन-टाइम आणि आउट-टाइम वहीत स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. व्हाउचरवर रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नका आणि सही झाली की फोटो काढून ठेवा. आधारची प्रत देताना तिच्यावर आडवी तारीख आणि काम लिहा. स्टुडिओपासून ठाणे स्टेशन लांब आहे. पॅकअप (शूटिंग संपणं) मध्यरात्री झाला तर सोडायला गाडी आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा.

आणि एक. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवर किंवा एजंटमार्फत आलेल्या महिलांनाही लागू आहे. ‘तू काय एका दिवसाची’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

बूमखाली
भाच्याबद्दल. १४ वर्षांखालच्या मुलासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. म्हणजे तुमची संमती पुरणार नाही, त्याच्या आई-वडिलांची हवी. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांहून जास्त नाही, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे. ‘सोबत घेऊन या, बघू’ म्हणणाऱ्याकडे यातलं काही तयार नसतं. परवानगीची प्रत मागा. ती मिळेपर्यंत भाच्याला घरीच ठेवा.

तिसरी_घंटा
५०० देत नाही. भाचा येणार नाही असं कळवलं. हातातली रक्कम आणि पैशांची तारीख मेसेजवर मागितली आहे. दोन साड्या कडक होत्या, त्या बदलून सुती घेतल्या.

चौथी_रांग
सुती चालेल, पण स्टार्च घातलेली नको, तीही सळसळते. आणि ७ चा कॉल म्हणजे ६:४५ ला गेटवर. आत शिरल्यावर आधी वहीत नाव, मग चहा.